सिवनीचा मोगली आणि त्याचे वाचक

रुडयार्ड किपलिंग यांचे ‘द जंगल बुक’ हे पुस्तक लंडनच्या मॅकमिलन प्रकाशनाने १८९४ मध्ये प्रसिद्ध केले. पुढच्याच वर्षी त्याचा दुसरा भाग आला. लांडग्यांनी वाढवलेल्या मोगली नावाच्या मुलाची ही अद्भुतसाहसकथा ज्या मुलखात घडते, तो सिवनीचा डोंगराळ प्रदेश जबलपूरपासून सुमारे दीडशे किलोमीटरवर आहे. जबलपूर छावणीच्या सदर बाजारातून निघालेला प्रवासी तिलवारा घाटावर नर्मदा ओलांडतो, बरगी, धूमा, लखनादौन, छपारा ही गावे मागे टाकतो आणि सातपुड्याच्या ज्या रांगांत शिरतो, त्यांतच मोगलीची टोळी नांदत होती असे हे पुस्तक सांगते. स्वतः किपलिंग यांनी मात्र सिवनी कधी पाहिली नव्हती. न पाहिलेल्या प्रदेशाविषयी लिहिलेले पुस्तक त्या प्रदेशातील लोकांनीही आपले मानावे, ही वाङ्मयाच्या इतिहासातील दुर्मीळ घटना आहे. तिचे श्रेय लेखकाइतकेच वाचकांना द्यावे लागते. म्हणून प्रस्तुत लेखाचा विषय ते पुस्तक हा नसून गेल्या सव्वाशेहून अधिक वर्षांत वाचकांनी त्याला दिलेला प्रतिसाद हा आहे.

काटेकोर अर्थाने ‘जंगल बुक’ ही कादंबरी नव्हे. पहिल्या भागात सात आणि दुसऱ्या भागात आठ कथा आहेत. त्यांपैकी मोगलीच्या कथा अनुक्रमे तीन आणि पाच. मोगलीचे पात्र सर्वप्रथम १८९३ च्या ‘इन द रुख’ या कथेत आले. त्या कथेत तो मोठा झालेला असून सरकारी वनखात्याच्या चाकरीत शिरतो. त्याच्या बालपणाची पहिली कथा जानेवारी १८९४ मध्ये ‘सेंट निकोलस’ या अमेरिकी बालमासिकात छापली गेली. तरीही या आठ कथा क्रमाने वाचल्या तर मोगलीचे बालपण, टोळीतील शिक्षण, शेरखान वाघाचा वध, गावाशी वैर आणि अखेरीस माणसांत परतणे अशी एक सलग वाढ दिसते. १९३३ मध्ये मोगलीच्या सर्व कथांचा स्वतंत्र ग्रंथही निघाला. बहुतेक वाचकांच्या मनात हे पुस्तक कादंबरी म्हणूनच वसले आहे आणि तसे मानण्यात काही गैर नाही.

पुस्तकाचे उगमस्थान अमेरिकेतील व्हरमाँट राज्यात ब्रॅटलबरो येथे आहे. बर्फाने वेढलेल्या त्या गावी बसून किपलिंग यांनी सातपुड्याचा उन्हाळा रंगवला. त्यांची साधने तीन होती. पहिले, रॉबर्ट आर्मिटेज स्टर्नडेल यांचा १८७७ मध्ये प्रसिद्ध झालेला सिवनीच्या वास्तव्यावरील ग्रंथ. हे स्टर्नडेल पुढे सेंट हेलेना बेटाचे गव्हर्नर झाले. दुसरे, वडील जॉन लॉकवुड किपलिंग यांचा भारतातील पशू आणि माणूस यांच्या संबंधांविषयीचा १८९१ चा ग्रंथ. लॉकवुड किपलिंग १८६५ ते १८७५ या काळात मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत शिक्षक होते, आणि क्रॉफर्ड मार्केटच्या दर्शनी भागावरील शिल्पपट्ट त्यांचेच आहेत. रुडयार्ड यांचा जन्म ३० डिसेंबर १८६५ रोजी मुंबईतच झाला. तिसरे साधन म्हणजे त्यांची स्वतःची सात वर्षांची पत्रकारिता, आधी लाहोर आणि मग अलाहाबाद येथील वृत्तपत्रांत केलेली. जातककथांचा आणि रायडर हॅगर्ड यांच्या ‘नाडा द लिली’ या कादंबरीतील लांडग्यांचा आधार मिळाल्याचे त्यांनी नाकारले नाही.

या पुस्तकाची पहिली वाचक लेखकाची थोरली मुलगी जोसेफीन होती. तिचा जन्म डिसेंबर १८९२ चा. म्हणजे पुस्तक निघाले तेव्हा ती दीड वर्षाची होती. इंग्लंडमधील विंपोल हॉल या वाड्यात २०१० मध्ये एक प्रत सापडली. तिच्यावर वडिलांच्या हातची मे १८९४ ची नोंद असून हे पुस्तक जोसेफीनसाठी लिहिले आणि ते तिचेच आहे, असा तिचा आशय आहे. त्या वाड्यात किपलिंग यांची दुसरी मुलगी एल्सी राहत असे. जोसेफीन मात्र १८९९ मध्ये, वयाच्या सातव्या वर्षी न्यूमोनियाने वारली. तिने मोगलीविषयी काय म्हटले असेल याची नोंद कोठेही नाही. बालवाङ्मयाच्या अभ्यासातील ही नेहमीची उणीव आहे: मुलांसाठी लिहिलेल्या पुस्तकांवरील मोठ्यांची मते जपली जातात, मुलांची हरवतात.

प्रौढ वाचकांचे एक उदाहरण मात्र सुदैवाने टिकले. १८९५ मध्ये एका बाईंनी किपलिंग यांना पत्र लिहून, पुस्तकातील प्राणी पाळतात त्या जंगलाच्या कायद्याविषयी पृच्छा केली असावी, असे त्यांच्या उत्तरावरून दिसते. हे उत्तर २०१३ मध्ये विक्रीस आल्यावर जगासमोर आले. कायद्याची काही कलमे एस्किमो लोकांच्या शिकारवाटणीच्या नियमांवरून घेतली आहेत आणि आपण इतर ठिकाणांहूनही सढळ हाताने उचल केली असणे शक्य आहे, पण नेमकी कोठून ते आठवत नाही, अशी निखळ कबुली लेखकाने त्यात दिली आहे. सातपुड्यातील लांडगे उत्तर ध्रुवाकडील नियमांनी शिकार वाटून घेत होते, हे कळल्यावर कोणाही सातपुडावासीयाला हसू आल्याशिवाय राहणार नाही.

लेखकांच्या प्रतिसादाचा प्रकार निराळा असतो. ते मत देत नाहीत, नवे पुस्तक लिहितात. एडगर राइस बरोज यांचा टारझन १९१२ मध्ये एका मासिकातून अवतरला. मोगलीचे हे आफ्रिकी भावंड किपलिंग यांच्या नजरेतून सुटले नाही. त्यांच्या मृत्यूनंतर १९३७ मध्ये निघालेल्या आत्मचरित्रात त्यांनी त्याचा थट्टेच्या सुरात, पण राग न धरता उल्लेख केला आहे. टारझननंतर सुमारे शंभर वर्षांनी, २००८ मध्ये, नील गेमन यांनी ‘द ग्रेव्हयार्ड बुक’ लिहिले. त्यात अनाथ मुलाला लांडग्यांऐवजी दफनभूमीतील भुते वाढवतात. पुस्तकाचे नाव आणि कथेची घडण या दोन्हींतून गेमन यांनी आपले ऋण उघड केले आहे. या पुस्तकाला २००९ चे न्यूबेरी पदक मिळाले.

सर्वांत व्यापक प्रतिसाद मात्र एका लष्करी अधिकाऱ्याने दिला. बालवीर चळवळीचे संस्थापक रॉबर्ट बेडन-पॉवेल यांना, बालवीर होण्याइतके वय नसलेल्या मुलांसाठी वेगळी शाखा हवी होती. या मुलांना नुसती कवायत रुचणार नाही, त्यांना गोष्ट हवी, हे त्यांनी ओळखले. किपलिंग यांच्या संमतीने त्यांनी १९१६ मध्ये ‘वुल्फ कब’ शाखेची पुस्तिका तयार केली. टोळीप्रमुख अकेला, शिकवणारा बालू, चपळ बघीरा, शहाणा का अजगर ही पात्रे शिक्षकांची पदनामे झाली. मुलांनी गोल बसून लांडग्यांप्रमाणे एकसुरात हाळी द्यावी, असा विधी ठरला. वाचकाने पुस्तक मिटून ठेवावे आणि त्यातील पात्र होऊन वागावे, अशी ही कल्पना आहे. वाचनाच्या इतिहासात असे उदाहरण क्वचितच आढळेल.

त्या कल्पनेला भारतातही घर मिळाले. भारत स्काउट्स आणि गाइड्स ही संस्था ७ नोव्हेंबर १९५० रोजी अस्तित्वात आली. तिच्या कब शाखेतील लहान मुलांना आजही मोगलीची गोष्ट सांगून सुरुवात केली जाते, आणि संस्थेचे राष्ट्रीय प्रशिक्षण केंद्र पचमढीला, म्हणजे सातपुड्याच्याच माथ्यावर आहे. इंग्लंडमार्गे जगभर फिरून मोगली अशा रीतीने आपल्या डोंगरात परतला. शाळेच्या मैदानावर गणवेश घालून ‘अकेला’ला सलाम ठोकणाऱ्या कित्येकांनी मूळ पुस्तक कधी उघडलेलेही नसते. तरीही तो त्या पुस्तकाचाच वाचकवर्ग म्हटला पाहिजे. काही पुस्तके छापील पानापेक्षा माणसांच्या तोंडून अधिक वाचली जातात.

पडद्यावरील रूपांतरांचा उल्लेख थोडक्यात पुरे. वॉल्ट डिस्ने यांच्या संस्थेने १९६७ मध्ये केलेल्या चलच्चित्रात मूळ पुस्तकाचा गंभीर स्वर जाणूनबुजून गाळला आहे. आपल्या सहकाऱ्यांनी पुस्तक वाचूच नये, असे डिस्ने यांचे म्हणणे होते. परिणामी पुस्तकात मोगलीचा मित्र आणि रक्षक असलेला का अजगर चित्रपटात खलनायक झाला. आज दहापैकी नऊ वाचक ‘का’विषयी वाईट मत घेऊनच पुस्तकाकडे येतात, असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही. भारतीय मुलांचा मोगली मात्र जपानहून आला. १९८९-९० मध्ये जपानमध्ये निघालेली बावन्न भागांची मालिका १९९३ पासून दूरदर्शनने हिंदीत दाखवली. गुलजार यांचे शब्द आणि विशाल भारद्वाज यांचे संगीत लाभलेले तिचे शीर्षकगीत त्या पिढीला अजून तोंडपाठ आहे. शेरखानला आवाज नाना पाटेकर यांनी दिला, आणि २०१६ च्या डिस्ने चित्रपटाच्या हिंदी आवृत्तीतही शेरखान त्यांच्याच आवाजात गुरगुरला. हा चित्रपट अमेरिकेच्या एक आठवडा आधी, ८ एप्रिलला भारतात लागला. मात्र त्यातील प्राणी लहान मुलांना भीती वाटेल इतके खरे दिसतात, या कारणास्तव प्रमाणन मंडळाने त्याला पालकांच्या मार्गदर्शनाची अट घालणारा दाखला दिला. ज्या पुस्तकामुळे मुले आपण होऊन लांडगे झाली, त्याविषयी मोठ्यांना वाटलेली ही काळजी गमतीची आहे.

आता प्रत्यक्ष भूमीकडे वळू. सिवनी जिल्ह्यात कान्हीवाडा हे गाव आहे. पुस्तकात मोगलीची मानवी आई मेसुआ जीव वाचवण्यासाठी ‘खान्हीवारा’ला जाते, ते हेच. पुस्तकातील नदी वैनगंगा. ती सिवनी जिल्ह्यात उगम पावते, बालाघाटवरून गोंदिया, भंडारा, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांतून वाहत जाऊन वर्धेला मिळते. ज्या नदीकाठी शेरखान लंगडत फिरला, तीच नदी पूर्व विदर्भातील मराठी शेतकऱ्याच्या भाताला पाणी देते. रानकुत्र्यांच्या टोळधाडीच्या कथेत मोगली एका अरुंद घळईतील आग्या मधमाश्यांना चेतवतो आणि स्वतः नदीत उडी घेतो. जबलपूरजवळचा नर्मदेवरील भेडाघाट पाहिलेल्या वाचकाला हे वर्णन ओळखीचे वाटल्यावाचून राहत नाही. संगमरवरी कड्यांवर लटकलेली मोठाली पोळी तेथे आजही दिसतात, आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास रेल्वेच्या पुलासाठी मोजणी करणारा एक इंग्रज अभियंता या माश्यांच्या हल्ल्यात नर्मदेत बुडून मरण पावला होता. भेडाघाट जबलपूरच्या सदर बाजारापासून पंचवीसेक किलोमीटरवर आहे. पुस्तकातील घळई तीच, असा दावा करण्याचे कारण नाही. पण जबलपूरचा मुलगा ती कथा वाचताना डोळ्यांपुढे काय आणतो, ते यावरून कळते.

छावणीत वाढलेल्या वाचकाला मोगलीखेरीज आणखी एक कथा जवळची वाटते. रिक्की-टिक्की-टावी या मुंगसाची कथा बिहारमधील सुगौलीच्या छावणीतल्या बंगल्यात घडते. नाग न्हाणीघरात दबा धरून बसतो, त्याचा आत येण्याचा रस्ता म्हणजे मोरी. उंच छताचे बंगले, भोवतीची बाग, आवारात फिरणारे मुंगूस हा सारा थाट जुन्या छावण्यांचा आहे. जबलपूरचे मराठी मूल शाळेत हिंदी आणि घरात मराठी बोलते. त्याला बालू, हाथी, मोर, बंदरलोग या नावांसाठी शब्दकोशाची गरज पडत नाही. इंग्रज मुलाला ही नावे गूढ वाटली, आपल्या मुलाला ती शेजाऱ्यांची वाटतात.

निसर्गज्ञ वाचकांचा प्रतिसाद अधिक चिकित्सक आहे, आणि जबलपूर शहरात तो स्वाभाविकही आहे. कारण उष्णकटिबंधीय वन संशोधन संस्था आणि राज्य वन संशोधन संस्था या दोन्ही येथेच आहेत. प्राणिशास्त्राच्या दृष्टीने पुस्तकात चुका आहेत. भारतीय लांडगा गर्द अरण्यापेक्षा उघडी माळराने आणि खुरटी झुडपे पसंत करतो. अजगर कोणालाही नजरेने खिळवत नाही. रानकुत्री दख्खनहून आलेली परकी लुटारू नव्हेत. ती सातपुड्याचीच रहिवासी असून आज जागतिक पातळीवर संकटग्रस्त मानली जातात. मोगल काळात मध्य भारतात रानहत्ती होते, पण किपलिंग यांच्या काळात सिवनीत त्यांचे कळप नव्हते. मध्य प्रदेशात ते पुन्हा स्थिरावले ते २०१८ मध्ये, छत्तीसगडकडून बांधवगडला येऊन. शेरखानचे चित्रण मात्र शास्त्राला धरून आहे. जखमी किंवा अधू वाघच बहुधा नरभक्षक होतो, हे जिम कॉर्बेट यांनी १९४४ च्या आपल्या प्रसिद्ध ग्रंथात अनुभवाने सांगितले. किपलिंग यांनी पन्नास वर्षे आधी आपला वाघ जन्मतः लंगडा दाखवला होता.

मोगली खराच होता का, हा प्रश्न वाचक सतत विचारत आले आहेत आणि त्याचे उत्तर शोधताना पुन्हा जबलपूरच लागते. ठगांचा बंदोबस्त करणारे विल्यम स्लीमन यांचे मुख्यालय येथे होते. कटनीजवळचे स्लीमनाबाद त्यांच्या नावाने ओळखले जाते. लांडग्यांच्या गुहेत वाढलेल्या मुलांविषयीची त्यांची पुस्तिका १८५२ मध्ये निनावी प्रसिद्ध झाली. सिवनीजवळील संत बावडी येथे १८३१ मध्ये असा एक मुलगा सापडला, ही हकिकत पर्यटनविषयक मजकुरात हमखास दिली जाते आणि तिचा संबंध या पुस्तिकेशी जोडला जातो. परंतु स्लीमन यांनी नोंदवलेल्या हकिकती मुख्यतः अवधमधील आहेत. लखनौला रेसिडेंट असताना त्यांनी त्या गोळा केल्या. त्यांतील मुले बोलू शकत नव्हती, कच्चे मांस खात होती आणि बहुतेक लवकर मरण पावली. मोगलीच्या तेजस्वी प्रतिमेशी या दुर्दैवी जीवांचे काही साम्य नाही. सिवनीच्या मुलाची हकिकत, माझ्या मते, पुस्तकातून वास्तवात उतरलेली आहे. वास्तवातून पुस्तकात गेलेली नव्हे.

भारतीय प्रौढ वाचकाने या पुस्तकावर घेतलेले आक्षेपही नोंदवले पाहिजेत. पुस्तकातील गावकरी भोळसट, दुष्ट आणि चेटकाच्या भीतीने माणूस जाळायला निघालेले आहेत. न्याय हवा असेल तर इंग्रजांच्या कान्हीवाड्याला जावे लागते. ज्याने आयुष्यभर जंगलाचा कायदा पाळला, तो मोगली शेवटी सरकारी वनरक्षक होऊन निवृत्तिवेतनाची वाट धरतो. १८७८ च्या वन अधिनियमाने याच अरण्यांतील गोंड आणि बैगा समाजांचे पिढीजात हक्क आक्रसले होते, हे लक्षात घेता हा शेवट निरागस राहत नाही. गोंड शिकारी पुस्तकात क्षणभर दिसतात, चार शब्द बोलतात आणि अदृश्य होतात. मोगली हाथी आणि रानडुकरांकरवी गावाची पिके तुडवून गाव उठवतो, त्या प्रसंगाने शहरी वाचकाला न्याय झाल्यासारखे वाटते. पेंच राष्ट्रीय उद्यानाच्या कडेला शेत असलेल्या घरातील मुलाने तो प्रसंग वाचला, तर त्याला स्वतःच्या बापाचे रात्रीचे माळ्यावरचे जागरण आठवेल. हे दोन्ही वाचक बरोबर आहेत. पुस्तकाने मात्र एकाचाच विचार केला आहे.

राज्यसंस्थेनेही वाचकाची भूमिका घेतली आहे. सिवनी आणि छिंदवाडा जिल्ह्यांत पसरलेले पेंच राष्ट्रीय उद्यान १९९२ मध्ये व्याघ्रप्रकल्प झाले आणि त्याला लागून असलेल्या अभयारण्याला ‘पेंच मोगली अभयारण्य’ हे नाव मिळाले. कल्पित पात्राचे नाव सरकारी राजपत्रातील जंगलाला मिळण्याचे हे विरळ उदाहरण होय. मध्य प्रदेशात शालेय विद्यार्थ्यांसाठी मोगली बाल उत्सव भरतो. त्यात निसर्गविषयक प्रश्नमंजूषा, निबंध आणि जंगलभ्रमण असते. जंगलात येणाऱ्या पर्यटकांनी खऱ्या वाघांनाही कथेतल्यासारखी नावे दिली. जानेवारी २०२२ मध्ये मरण पावलेली पेंचची कॉलरवाली वाघीण एकोणतीस बछड्यांची आई होती. तिच्या मृत्यूनंतर गावकऱ्यांनी आणि वनकर्मचाऱ्यांनी तिला फुले वाहून निरोप दिला. लांडगीण रक्षा ही पुस्तकातील सर्वांत प्रभावी आई; तिच्या मुलखातील माणसांनी एका वाघिणीला दिलेला हा मान पुस्तकाच्या वाचकाला अनोळखी वाटू नये.

एवढ्या प्रतिसादांत एक जागा रिकामीच राहते. सेनानी, कादंबरीकार, चित्रपटकार, शास्त्रज्ञ आणि शासन यांनी मोगलीविषयी काय म्हटले, हे आपल्याला ठाऊक आहे. सातपुड्याच्या दोन्ही अंगांस राहणाऱ्या मुलांनी काय म्हटले, याचा संग्रह नाही. जबलपूर, सिवनी, बालाघाट, गोंदिया आणि भंडारा येथील शाळांच्या ग्रंथपालांना आणि शिक्षकांना म्हणून एक विनंती आहे. मोगलीची एखादी मूळ कथा, चित्रपट न दाखवता, वर्गात मोठ्याने वाचावी. मुलांना तिच्याविषयी मराठी, हिंदी, गोंडी, ज्या भाषेत सुचेल त्या भाषेत पानभर लिहू द्यावे किंवा सांगू द्यावे. शुद्धलेखन सुधारू नये आणि गुण देऊ नयेत. त्या कागदांवर मुलाचे वय, गाव आणि तारीख घालून ते शाळेच्या ग्रंथालयात जपून ठेवावेत.